प्रायोगिक

चोवीस ओळी, आणि त्यांच्या डोक्यावर टीप:
"प्रायोगिक. भरवसा ठेवू नये."
तारीख सात वर्षांपूर्वीची. लिहिणारा खुशाल भदाणे,
तेव्हा साक्रीला होता, आता कुठल्याशा बँकेचं गणित सांभाळतो
आणि लांबलचक पत्राला उत्तर म्हणून
नुसता अंगठा पाठवतो.

आमचं सॉफ्टवेअर साधं. कुणीही फुकट न्यावं,
उघडून बघावं, हवं तर बदलावं.
कुठल्या गल्लीला कधी नळ, एवढंच ते सांगतं.
मे महिन्यात अमळनेरात नवव्या दिवशी पाणी,
म्हणजे आठव्या रात्री लोक
देवाआधी त्याच्याकडे बघतात.

खुशालनं त्यात एक आवाज घातला होता.
फोन वाजतो आणि अंगणवाडीच्या सुलोचनाताई बैसाणे म्हणतात,
"आज सांजले पाणी यी. हांडा भरी ल्या."
मागे एक बकरी ओरडते.
तिला कुणी कापून काढलं नाही.

तो फोन ज्या वाटेनं जायचा ती वाट आता मोडत आलीय.
दर नव्या आवृत्तीत नेमकं तिथंच उसवतं
आणि टाका घालायला मीच,
रात्री अकराला, कूलरसमोर,
भिंती अजून तापलेल्या.

नंदुरबारहून देवयानी म्हणाली, काढून टाक. कुणी वापरत नाही.
कशावरून?
एकही तक्रार नाही.

तिथंच मी अडले.
मेलेल्याची तक्रार येत नाही,
आणि धडधाकटाचीही येत नाही.
आम्ही कुणाच्या घरात डोकावत नाही, कुणाला मोजत नाही,
केवढा अभिमान होता याचा!
त्या रात्री तो अभिमान
कोरड्या तोटीला कान लावून बसला.

मग रीतसर केलं. आधी सूचना, मग महिनाभर मुदत.
सुलोचनाताईंच्याच आवाजात भरून घेतली:
"हाऊ आवाज पुढला महिनापाईन बंद व्हई."
"कसाले?" त्यांनी विचारलं.
जुना झाला, मी म्हणाले.
"आवाज, का मी?"
आणि स्वतःच हसल्या.

सोमवारी सूचना गेली.
मंगळवारी पारोळ्याहून वॉल्वमन युसूफ पिंजारींचा फोन,
मागे भांड्यांचा कल्ला.
"ताई, काय सांगून बसलात?
अख्खी पेठ ड्रम घेऊन टाकीखाली उभी आहे.
पाणी कायमचं बंद होणार म्हणे!"

तीनशे बारा घरं.
सात वर्षांत त्यांनी आवाज असा ऐकलाच नव्हता.
ऐकत होते ते पाणी.

पिंजारींना विचारलं, वर लिहिलेलं वाचलं नाहीत का?
"प्रायोगिक ना? वाचलं की.
आमची पाइपलाइनपण तशीच आहे.
चालत होतं, चालू ठेवलं."

त्या आठवड्यात आम्ही बाकीच्या अकरा गोष्टी काढल्या.
टँकरचा नकाशा, गल्लीगणिक रंग,
टाकीची पातळी सांगणारा एक गंमतीदार मासा.
कुणी रडलं नाही.
खरं सांगायचं तर त्यांच्याबाबतही
माझ्या हातात होती ती शांतताच.
मासा कुठल्या पोराला आवडत होता की काय,
आता कळायचं नाही.

आवाजाचं मात्र ठरवताना
देवयानी आणि मी दोन तास भांडलो.
शेवटी वरचा तेवढा एक शब्द खोडला.
खुशालच्या नावाखाली माझं नाव लिहिलं
आणि दोन वर्षांपुढची तारीख:
तोवर दुसरी वाट शोधीन,
नाही सापडली तर पारोळ्याला जाऊन
दारोदार सांगून येईन.
सूचनेनं नाही. तोंडानं.

खुशालचा अंगठा आला.

पहाटे आमच्या गल्लीत नळ खाकरला.
आधी नुसती हवा, फुसफुस, थोडा गंज.
हवेवरून काही सांगता येत नाही.
मी हंडा लावून उभी राहिले.